आत्मिक आजार कसा ओळखावा आणि त्यातून कसे सावरावे : मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

बाप्तिस्मा घेतल्यानंतर किंवा मंडळीत नियमित येऊ लागल्यानंतर काही महिन्यांनी अनेकांचा सुरुवातीचा आनंद ओसरतो. प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत, पवित्र शास्त्र उघडले तरी ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात, रविवारी उपासनेला जाणे जिवावर येते, आणि ज्या भावाबहिणींच्या सहवासात पूर्वी हायसे वाटत असे त्यांच्यातच खोट दिसू लागते. असे झाले की नवा विश्वासी घाबरतो. कोणी त्याला सांगते की तुझा विश्वास कमी पडला, कोणी म्हणते की हा सैतानाचा हल्ला आहे, तर घरचे म्हणतात की देव बदललास म्हणून भोगतो आहेस. ही तिन्ही उत्तरे घाईची आहेत, कारण दुखते कुठे हे न विचारताच ती दिलेली असतात. मराठवाड्यातल्या गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी जे एकेकटे, बहुतेक वेळा घरात दुसरे कोणी ख्रिस्ती नसताना, मंडळीत आले आहेत त्यांना आपली किंवा आपल्या माणसाची आत्मिक प्रकृती क्रमाने तपासता यावी, यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

आधी आरोग्याचे माप ठरवावे

आजार ओळखायचा तर निरोगीपणा कशाला म्हणायचे हे आधी ठाऊक हवे. नवीन माणूस आपल्या आत्म्याची प्रकृती बहुधा भावनांवरून मोजतो. गाताना डोळे भरून आले, प्रार्थनेत अंगावर काटा आला, की तो स्वतःला निरोगी समजतो आणि तसे काही घडले नाही की खचतो. शास्त्राचे माप वेगळे आहे. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात येशूने सर्वांत मोठ्या म्हणून दोनच आज्ञा सांगितल्या : देवावर सर्व मनाने प्रीती करणे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे. म्हणून आत्म्याचे आरोग्य देवाशी आणि माणसांशी असलेल्या नात्यांत पाहावे लागते. प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचे फळ सांगताना प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन अशी नऊ नावे घेतो. यांतले बहुतेक गुण एकट्या माणसात दिसूच शकत नाहीत. ते दिसायला समोर दुसरे माणूस लागते, आणि पुष्कळदा ते त्रास देणारेच असते. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत कोणी मध्ये घुसले तेव्हा आपण काय बोललो, यावरून सहनशीलतेची जेवढी पारख होते तेवढी उपासनेतल्या अश्रूंवरून होत नाही.

त्यामुळे स्वतःची तपासणी करताना घरातल्या एका विश्वासू माणसाला, म्हणजे पत्नीला, नवऱ्याला, आईला किंवा मोठ्या मुलाला, सरळ विचारावे की गेल्या काही महिन्यांत माझे वागणे कसे झाले आहे. ते माणूस ख्रिस्ती नसले तरी चालेल. त्याचे उत्तर मध्येच न तोडता ऐकावे आणि त्या दिवशी तरी स्वतःची बाजू मांडू नये.

पहिली पायरी : शरीर आणि मन यांचा आजार आधी तपासून घ्यावा

ही पायरी मी मुद्दाम पहिली ठेवतो, कारण ती गाळल्यामुळे झालेले नुकसान सर्वांत मोठे असते. १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला तेव्हा उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले, आणि मग होरेब डोंगरापर्यंतची वाट चालल्यानंतर त्याच्याशी बोलणे सुरू केले. उपवास आणि रात्रभराची प्रार्थना हाच प्रत्येक दुखण्यावरचा उपाय आहे असे मानणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. थकलेल्या, जागरण झालेल्या, पोटभर न जेवलेल्या माणसाला आधी अन्न आणि झोप द्यावी.

प्रार्थना आणि औषध यांत शास्त्राला विरोध दिसत नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिले, आणि पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. मराठवाड्यातल्या मंडळ्यांचा इतिहासही असाच आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्यात स्कॉटिश मिशनचे काम उभे केले आणि जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली; पुढे त्याच जालन्यात मिशनचे रुग्णालयही उभे राहिले.

झोप लागत नाही, भूक मेली आहे, सतत रडू येते, काहीच करावेसे वाटत नाही, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, बाळंतपणानंतरचे नैराश्य आणि दारूचे व्यसन यांची लक्षणे वरवर पाहता आत्मिक कोरडेपणासारखीच दिसतात. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि लातूर, नांदेड व अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये येथे मनोविकार विभाग आहेत. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. कर्ज डोक्यावर असलेला, पीक गेलेला किंवा घरात मान उरला नाही असे म्हणणारा भाऊ मरणाचे बोलत असेल तर त्याला स्पष्ट विचारावे की जीव देण्याचा विचार मनात येतो का. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी हलवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्रार्थना त्याच्यासोबत रुग्णालयाच्या बाकावर बसूनही करता येते.

‘बाहेरचे लागले आहे’ हे वाक्य आपल्या भागात फार लवकर उच्चारले जाते, आणि मंडळीत आल्यावर तेच वाक्य ख्रिस्ती शब्दांत पुन्हा ऐकू येते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूकडे आणलेल्या लोकांत भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती यांची नावे वेगवेगळी घेतलेली आहेत. शुभवर्तमानकारालासुद्धा प्रत्येक झटका भुताचा वाटला नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारणे किंवा बांधून ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, मग ते करणारा कोणत्याही धर्माचा असो. मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनाई केली आहे. एखादा प्रचारक गोळ्या बंद करायला सांगत असेल तर त्याचे ऐकू नये आणि ही गोष्ट आपल्या पाळकांच्या कानावर घालावी.

दुसरी पायरी : दुखते कुठे ते ओळखावे

शरीर आणि मन यांच्याकडे लक्ष दिल्यानंतरही जे उरते त्याचे नाव ठरवावे. सगळे आत्मिक आजार एकसारखे नसतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर दुखणे वाढते.

लपवलेले पाप हे सर्वांत परिचित कारण आहे. स्तोत्र ३२ मध्ये स्तोत्रकर्ता सांगतो की तो गप्प राहिला तोवर त्याची हाडे झिजत गेली. इथे देवाच्या समोर यायला लाज वाटते, म्हणून माणूस प्रार्थना टाळतो आणि नंतर टाळण्याची सवयच लागते. दुसरे कारण कडवटपणा. इब्रीकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात त्याला मूळ म्हटले आहे, आणि एकाच्या मनातले हे मूळ पुष्कळांना बाधते असेही सांगितले आहे. आपल्याकडे बांधाच्या वादातून, वाटणीतून, लग्नातल्या मानपानातून किंवा मंडळीतल्या पंचांच्या निवडणुकीतून हे मूळ धरते. अशा माणसाचे पाठांतर, गाणे, दान सगळे व्यवस्थित चालू असते. फक्त एक नाव निघाले की त्याचा चेहरा बदलतो.

कोमटपणा याहून निराळा आहे. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातल्या लावदिकीयाच्या मंडळीला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नव्हते. आपल्याला काही कमी नाही असे ती म्हणत होती. म्हणून कोमट माणूस हा लेख वाचून घाबरणार नाही, आणि जो घाबरला तो बहुधा कोमट नाही.

दुःखाला मात्र आजार समजू नये. घरात मृत्यू झाला, मूल गेले, दुष्काळात जनावरे विकावी लागली, तर रडणे हे निरोगी आत्म्याचेच लक्षण आहे. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूही रडला. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, शेवटी कोणतीही आशेची ओळ न जोडता, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. दुःखी माणसाला ‘आनंद करा’ म्हणणे हा निर्दयपणा आहे, हे मी पुरेशा विचाराने लिहितो.

खोटा अपराधीपणा हा आणखी एक प्रकार आहे, आणि नव्याने आलेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, तो फार आढळतो. मूल होत नाही, नवरा पितो, मुलगी आजारी आहे, म्हणजे माझेच काही चुकले असे त्या धरून चालतात, आणि आजूबाजूचे लोक त्यांना दुजोरा देतात. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. येशूने दोन्ही नाकारले. संकटांत सापडलेल्या नीतिमान ईयोबाच्या मित्रांनीही हाच हिशेब मांडला होता आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर संतापला. ज्या अपराधाची कबुली देऊनही मन मोकळे होत नाही, किंवा ज्याला नेमके कृत्य असे काही सापडतच नाही, तो बहुधा अपराध नसतो.

तिसरी पायरी : कबुली, आणि ती कोणाजवळ

नेमके पाप सापडले तर ते नेमक्या शब्दांत देवाजवळ कबूल करावे. ‘माझी सर्व पापे’ असे मोघम म्हणू नये. ‘मी भावाच्या सातबाऱ्याबाबत खोटे बोललो’ असे म्हणावे. योहानाचे पहिले पत्र सांगते की आपण पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव क्षमा करण्यास विश्वसनीय व न्यायी आहे, आणि ही क्षमा आपल्याला किती वाईट वाटले यावर अवलंबून नाही.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायलाही सांगितले आहे. कॅथलिक मंडळीत यासाठी फादरांसमोर पापनिवेदनाचा संस्कार आहे आणि तिथे सांगितलेले कोणालाही न सांगण्याचे बंधन फादरांवर असते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही १९७० साली अनेक मंडळ्या मिळून झालेली संस्था. तिच्या उपासनेत सर्वांनी मिळून पापांगीकार करण्याची रीत आहे आणि पाळकसाहेबांना एकांतात भेटूनही बोलता येते. लहान स्वतंत्र मंडळ्यांत पुष्कळदा अशी ठरलेली जागा नसते, आणि तिथेच अधिक काळजी घ्यावी लागते.

काळजी अशी की एका माणसाला सांगितलेली गोष्ट प्रार्थनाविषय म्हणून सगळ्या वस्तीत पसरू नये. घरगुती प्रार्थनासभेत एखाद्या बहिणीचे दुःख ‘तिच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून मांडले जाते आणि दुसऱ्या दिवशी ते पाणवठ्यावर पोहोचते. यामुळे कित्येक जण पुन्हा कधी तोंड उघडत नाहीत. म्हणून आधी लहानशी गोष्ट सांगून पाहावी, ती बाहेर जाते की राहते हे पाहावे, आणि मगच पुढचे सांगावे. स्त्रियांनी पाळकीणबाईंकडे किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईकडे जावे. स्त्री आणि पुरुष यांचे असे बोलणे बंद दाराआड होऊ नये, मग समोरची व्यक्ती कितीही मोठी सेवक असली तरी.

चौथी पायरी : बिघडलेले नाते जमेल तितके सुधारावे

जकातदार जक्कय येशूला भेटला तेव्हा तो नुसता रडला नाही. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देतो म्हणाला. पैसे, जमीन, शब्द यांपैकी जे परत देता येते ते परत द्यावे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असे सांगितले आहे. हे प्रभुभोजनापूर्वीच्या (उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्यापूर्वीच्या) आठवड्यात करावे आणि एकदम मोठा समेट साधण्याचा आग्रह धरू नये. बोलणे बंद असेल तर आधी रामराम सुरू करावा. वाद कोर्टात असेल तर खटला चालू असतानाही शिव्याशाप थांबवता येतात.

क्षमा करण्याबाबत एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि परत जा’ असे सांगण्याचा अधिकार मंडळीला नाही. मनातला सूड देवाच्या हाती देणे ही क्षमा झाली. मारणाऱ्याच्या हाती पुन्हा सापडणे हा तिचा भाग नव्हे. ती सुरक्षित ठिकाणी असावी, गरज पडली तर पोलिसांकडे जावी, आणि क्षमेचे काम तिने तिच्या गतीने करावे.

पाचवी पायरी : कोरडेपणात टिकून राहावे

पाप सापडत नाही, वैर नाही, तब्येत बरी आहे, आणि तरीही प्रार्थना रुचत नाही, अशी अवस्था येतेच. ही फार जुनी ओळखीची अवस्था आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या संन्याशाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची नोंद केली. त्यांत भर दुपारी येणारा एक कंटाळा आहे, ज्यात सूर्य जागचा हलत नाही असे वाटते आणि आपली खोली सोडून दुसरीकडे कुठेतरी गेलो तर देव भेटेल असे मन सांगू लागते. त्याचा सल्ला खोली न सोडण्याचा होता. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांनी याच विषयावर एक नियम घालून दिला : मन उदास असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. या मंडळीतून त्या मंडळीत भटकणाऱ्या नव्या विश्वासी माणसाला याहून उपयोगी नियम मला माहीत नाही. मंडळी बदलायची असेल तर मन स्वस्थ असताना ठरवावे.

रोजचा नियम लहान ठेवावा. सकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाचावे, प्रभूची प्रार्थना म्हणावी, आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवस आठवून एका गोष्टीबद्दल उपकार मानावेत व एका गोष्टीबद्दल क्षमा मागावी. याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रकर्त्याचे शब्द वापरावेत. स्तोत्र ४२, ५१ आणि १३० यांपासून सुरुवात करावी. वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्यावे किंवा मोबाईलवर ऐकावे. नारायण वामन टिळकांची जी भजने मंडळीत म्हटली जातात त्यांतले एखादे पाठ असेल तर तेही पुरे आहे. प्रभुभोजन घेण्याची परवानगी मिळाली असेल तर कोरडेपणाच्या कारणासाठी ते चुकवू नये. आपल्याला काही वाटले की नाही यावर त्याचे मोल ठरत नाही.

बीड, जालना, परभणीकडच्या ज्या कुटुंबांना दिवाळीनंतर ऊसतोडीला जावे लागते त्यांचा हा नियम पाच-सहा महिने मोडतो. पहाटेपासून फडात असलेल्या बाईला सकाळी पंधरा मिनिटे बसायला सांगणे न्यायाचे नाही. तिने मोळ्या बांधताना एक पाठ केलेली ओळ म्हणावी. कोपीतल्या, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपड्यांतल्या, आणखी एक-दोन कुटुंबांसोबत, ज्या दिवशी तोड बंद असेल त्या दिवशी, एक गाणे आणि एक प्रार्थना एवढी उपासना करावी. गावातल्या मंडळीने निघण्यापूर्वी अशा कुटुंबांसाठी प्रार्थना करावी, मध्ये फोन करावा, आणि परतल्यावर ‘इतके दिवस कुठे होता’ असे विचारू नये.

दुसऱ्याला मदत करताना

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती माणूस स्वतःच्या पायांनी आला नव्हता. चौघांनी त्याला उचलून आणले, छप्पर उसकटले, आणि येशूने त्या लोकांचा विश्वास पाहिला असे तिथे लिहिले आहे. आजारी माणसाचा विश्वास कमी असेल तर मंडळीने त्याच्या वतीने विश्वास धरावा, त्याच्यावर त्याचा दोष ठेवू नये. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जाणत्या पुढाऱ्यांना, बोलावून, तेल लावून प्रार्थना करण्याची जी रीत आहे तिच्यात बोलावणारा रुग्ण असतो. न बोलावता गर्दी करून घरात घुसू नये. बरे होण्याच्या बदल्यात बाप्तिस्मा घ्यावा किंवा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, द्यावा असे कधीही सुचवू नये. बरे वाटलेच नाही तर तसे खरे सांगण्याची मोकळीक रुग्णाला असावी. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली, तो निघाला नाही, आणि पौल आजही प्रेषितच आहे.

भेटीला गेल्यावर आधी ऐकावे. ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले तेवढा काळ ते चांगले मित्र होते. शास्त्रभाग एकच आणि लहान वाचावा, प्रार्थना त्या माणसाने सांगितलेल्या गोष्टींपुरतीच करावी, घरात दुसऱ्या धर्माची माणसे असतील तर त्यांचा मान राखावा आणि त्यांच्या देवघराबद्दल बोलू नये. दवाखान्याची तारीख असेल तर सोबत कोण जाणार हे विचारून घ्यावे. उठताना पुन्हा कोणत्या दिवशी येणार ते सांगावे, आणि त्या दिवशी जावे.